हिंजवडीच्या रस्त्यावर आमची बोट

आमची बोट बुडाली नाही. बुडण्यासाठी आधी पाण्यापर्यंत पोचावं लागतं.

मुळात पिंपळे गुरवच्या माणसाला बोट कशाला, असं तुम्ही विचाराल. (आमच्या अख्ख्या गल्लीने विचारलं होतं.) कारण होती आई. तिचं माहेर पवनेच्या धरणात गेलं. घर, गोठा, विहीर, सगळं पाण्याखाली. राहिली फक्त गावामागची टेकडी आणि टेकडीवरची देवी. आता तिच्या चारी बाजूंना पाणी. गुडघे कुरकुरायला लागले तसं आईने एकदा जेवताना सांगून टाकलं, "हातपाय हालत्यात तवर एकदा देवीची वटी भरून आणा मला. मग काय मागायची न्हाई."

मी म्हटलं, "धरणावर मासे धरणारे आहेत. त्यांची होडी सांगू की."

"आपल्या आईला दुसऱ्याच्या होडीतनं न्यायची?" माझा थोरला भाऊ अण्णा उसळला. "आपण दोघं काय मेलोय का रं, दत्ता?"

आणि थोड्याच दिवसांत तो एका बंद पडलेल्या रिसॉर्टची जुनी फायबरची बोट घेऊन दारात हजर! सोबत ती ओढून न्यायचा दोन चाकांचा ट्रेलर. बोट ठणठणीत होती. ट्रेलरचं डावं चाक मात्र फिरवलं की आतून जात्यावर खडे दळल्यासारखा आवाज यायचा.

"बेअरिंगला बघाय लागंल," अण्णा म्हणाला. "गॅरेजला टाकतो."

"गॅरेज कशाला?" आई ओट्यावरून म्हणाली. "आपला दत्ता हाय की! अ‍ॅक्सलच्या कंपनीत हाय त्यो."

इथे एक खुलासा करायला हवा. मी चाकणला अ‍ॅक्सल बनवणाऱ्या कंपनीत आहे, हे शंभर टक्के खरं. पण मी ट्रान्सपोर्टला आहे. कुठल्या शिफ्टची बस कुठल्या स्टॉपवर कधी येणार, एवढंच माझं काम. मशीनच्या बाजूला मी जातो तो दसऱ्याच्या पूजेला, तेही पेढा घेण्यापुरता. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आईच्या तोंडावरचं ते कौतुक बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यात काय एवढं! ग्रीस भरायचं आणि घट्ट करायचं."

रविवारी अंगणात कारखाना मांडला. मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि चाक उतरवलं. मधला नट काढला, बेअरिंग बाहेर काढली आणि रॉकेलमध्ये धुतली. (रॉकेल ज्या पातेल्यात ओतलं ते माझ्या बायकोचं, शुभांगीचं, बासुंदीचं पातेलं होतं, हे मला तिच्या किंकाळीवरून कळलं.) ग्रीस बेअरिंगमध्ये दाबून भरायचं असतं. मी भरलं. जेवढं बेअरिंगमध्ये गेलं त्याहून जास्त माझ्या कोपरांना, मोबाइलला आणि दाराच्या कडीला लागलं. दोन दिवस आमच्या घराचं दार कुणालाच धड उघडता येत नव्हतं!

मग आला नट. व्हिडिओतला माणूस नट घट्ट करून परत थोडा सैल सोडत होता. मला हसूच आलं. सैलच सोडायचा तर घट्ट केलास कशाला, शहाण्या? आईला न्यायचं आहे! मी पान्याला लोखंडी पाइप लावला आणि त्यावर चक्क उभा राहिलो.

अण्णाने चाक फिरवून बघितलं. ते अर्धा फेरा फिरून थांबलं.

"जड फिरतंय का रं जरा?"

"नवीन ग्रीस आहे, अण्णा. बसेल हळूहळू."

देवीचा वार म्हणून शुक्रवारी सकाळी निघालो. अण्णाच्या जीपमध्ये पुढे आई, मांडीवर ओटीचं ताट, मागे मी आणि शुभांगी, आणि त्यामागे बोट. हायवेवर ट्रकांच्या गर्दीत नको म्हणून अण्णाने हिंजवडीवरून जायचं ठरवलं. शुक्रवारी सकाळी. हिंजवडीवरून! (आमच्या घराण्यात विचार करायचं खातं रिकामंच आहे.)

वाकडच्या पुढे शुभांगी म्हणाली, "अहो, काहीतरी जळल्याचा वास येतोय."

"कंपन्या आहेत इथे," मी म्हणालो.

"इथल्या कंपन्या कॉम्प्युटरच्या आहेत!"

एवढ्यात एक बाइकवाला शेजारी आला आणि काच ठोठावून ओरडला, "काका, तुमची बोट धूर सोडतेय!"

"डिझेलवर चालते का विचारतोय तो," असं मी अण्णाला सांगितलं. खरं सांगतो, मला तसंच ऐकू आलं. अण्णाने मान डोलावली आणि गाडी पुढे काढली. मग मागून एक कर्णकर्कश किंकाळी ऐकू आली. या वेळी ती शुभांगीची नव्हती. समोर ट्रॅफिक तुंबलेला दिसला म्हणून अण्णाने ब्रेक मारला, जीप थांबली, मागून धाडकन दणका बसला आणि आमच्या डाव्या अंगाने एक चाक शांतपणे पुढे निघून गेलं.

"बघा की," आई म्हणाली, "कुणाचं तरी चाक चाललंय."

सगळी हिंजवडी जागच्या जागी अडकलेली, आणि ते चाक कंपन्यांच्या कॅबमधून वाट काढत सुसाट पुढे! कुणाला धक्का नाही, कुणाला ओरखडा नाही. शेवटी रस्त्याकडेच्या एका पंक्चरच्या दुकानासमोर ते दोन गिरक्या घेऊन आडवं झालं. जणू पत्ता माहीत होता.

मी धावत गेलो. पंक्चरवाल्याने चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बेअरिंगचं काम आपण करत न्हाई," तो म्हणाला. "हवा भरून देऊ?"

मागे बोट अर्ध्या रस्त्यावर तिरकी टेकली होती. हॉर्नचा नुसता कल्लोळ. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं कॅबमधून उतरली, त्यांनी हात लावून बोट कडेला सरकवली आणि मग प्रत्येकाने तिच्यासोबत फोटो काढला. "काका," एकाने अगदी मनापासून विचारलं, "पावसाळ्यात ऑफिसपर्यंत सोडणार का? आम्ही महिन्याचा पास काढतो."

मी हसलो नाही. आई जीपमध्ये ताट धरून बसली होती. खण, बांगड्या, नारळ. दणक्यात तांदूळ सांडले होते, ते एकेक वेचून परत ताटात ठेवत होती. मी खिडकीशी गेलो.

"आई, माझं चुकलं. मला यातलं काहीच येत नाही. मी कंपनीत बसगाड्या बघतो गं."

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

"मग सांगितलंस कशाला सगळ्यांना?"

"तू न्हाई म्हणशील असं वाटलं व्हतं."

दणक्याने जीपचा मागचा पत्रा चाकात घुसला होता, तीही हलणार नव्हती. मग मात्र मी मला जे येतं ते केलं. हिंजवडीत सकाळच्या शिफ्टची माणसं सोडून संध्याकाळपर्यंत रिकामा असणारा एक ओळखीचा ड्रायव्हर होता, त्याला फोन लावला. गाडी कुठे वळवायची, कुठल्या गल्लीतून काढायची, सगळं सांगितलं. टपरीवरचा चहा संपायच्या आत मिनीबस समोर हजर! बोट पंक्चरवाल्याच्या हवाली केली. "लक्ष ठेवा हं," अण्णा म्हणाला. पंक्चरवाला म्हणाला, "नेणार कोन? आन् कशी?"

दुपारी धरणावर पोचलो आणि शेवटी एका मासे धरणाऱ्याचीच होडी सांगितली. अण्णा गुमान बसला. पाण्याच्या मध्यावर आईने अचानक हात वर केला. "थांब जरा." होडी थांबली. खाली नुसतं हिरवं पाणी. "इथंच कुठंतरी आमचं अंगण," ती म्हणाली, आणि वाकून पाण्यावरून हात फिरवला, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

टेकडीवर तिने ओटी भरली. गुडघ्यांचं नावही न काढता चढली आणि उतरली. परतताना वारा सुटला. होडीवाला एकटा दमला. त्याने दुसरं वल्हं उचललं, माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "सायेब, वल्हवता येतं का?"

मी तोंड उघडलं.

"न्हाई येत त्याला!" आई, अण्णा आणि शुभांगी एका सुरात ओरडले.