क्षमाबाईंची साक्ष

वचनाचं कार्ड परत करायचं म्हणजे करायचंच, असं क्षमानं त्या रविवारी ठरवलं. तांबरमच्या त्यांच्या चर्चमध्ये एक जानेवारीला प्रत्येक कुटुंबाला एकेक कार्ड मिळायचं, त्यावर वर्षभरासाठी देवाचं वचन. दोन हजार आठ साली तिच्या घरी आलं, ते हातांच्या कामाला यश देणारं. आणि मार्चमध्ये ओरगडमच्या कारखान्यात प्रेस मशीननं नवऱ्याचा, दिनानाथचा, उजवा हात मनगटापासून नेला. यश म्हणे!

तेव्हापासून तीन महिने दिनानाथ भिंतीकडे तोंड करून पडला होता. नगरहून येऊन तमिळ शेजाऱ्यांनाही हसवणारा माणूस, पण आता तोंडातून चकार शब्द नाही. क्षमा त्याला भरवायची, आंघोळ घालायची आणि मोरीत जाऊन रडायची. हा असाच झिजून संपणार, या धास्तीनं तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. वर चर्चच्या मंडळीतल्या बायका येऊन सांगायच्या, "अक्का, देवाची इच्छा." एकीनं तर विचारलं, घरात काही पाप लपलंय का? क्षमानं तिला कॉफीच्या पेल्यासकट बाहेर काढलं. त्या दिवसापासून घरातली प्रार्थना बंद. देव नाहीच, तर बोलायचं कुणाशी?

रविवारी तिनं दिनानाथला दंडाला धरून अक्षरशः ओढत नेलं. देवानं केलेलं भलं सगळ्यांपुढे उभं राहून सांगायची, म्हणजे साक्षीची वेळ आली. एकाला नोकरी लागली होती, एकीचा मुलगा पास झाला होता. टाळ्यांवर टाळ्या. क्षमा तरातरा पुढे गेली, कार्ड टेबलावर आपटलं आणि माइक हातात घेतला. सुरुवात तमिळमध्ये केली, पण एवढा राग त्या भाषेत निघेना. मग वर बघून तिनं सरळ मराठीत तोंड सोडलं.

"लाज नाही वाटत तुला? हात नेलास तो नेलास, त्याची वाचाही नेलीस? मी काय बंगला मागितला होता?" कुणीतरी माइक काढून घ्यायला धावलं. उपासना चालवणाऱ्या म्हाताऱ्या पाळकांनी त्याला अडवलं. "तुझ्या लेकाच्या हातांत खिळे ठोकले, तेव्हा तुझंही काळीज फाटलंच असेल ना? मग तुला कळायला नको?"

बोलून गेली आणि थबकली. त्याला कळत होतं. इतके दिवस देव नाहीच म्हणणारी ती त्याच्याशीच हमरीतुमरीवर आली होती, आणि तो समोर उभा राहून ऐकतोय, याची तिला खात्री वाटत होती. त्याचा तिला आणखीच राग आला.

"आमेन!" मागून घोगरा आवाज आला. दिनानाथ उभा होता. "आणि प्रभू, ही कालपासून जेवलेली नाही. मला भरवते आणि स्वतः उपाशी झोपते. तिच्याकडे बघ."

एक अक्षर न कळलेली सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, "आमेन!"

"तीन महिने तोंड शिवून बसलात," क्षमा माइकमध्येच कडाडली, "आणि पहिल्यांदा उघडलंत ते माझी चहाडी करायला?" आणि तिथंच, सगळ्यांदेखत, ती ढसाढसा रडायला लागली.