म्युझियमच्या बाजूचा कट्टा

मी घरांचे नकाशे काढते. औरादच्या एका मास्तरांची मुलगी, ऑफिस बीदरला, आणि डोकं तापायला वेळ लागत नाही. एवढी ओळख पुरे.

म्युझियमच्या बाजूची पडीक जागा कलाकारांच्या घरांसाठी द्यायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी आईला फोन करून आनंदानं ओरडले होते. बिदरीची भांडी घडवणारे, पाट्या रंगवणारे, लाकडावर कोरणारे, सगळे गल्लीबोळांतल्या भाड्याच्या खोल्यांत राहणारे. अर्धी खोली हत्यारांनी अडवलेली, अर्धी लेकरांनी. त्यांना उजेड, वारा आणि पाय पसरायला जागा द्यायची. ह्याहून चांगलं काम मला मिळालं नसतं.

पण जागा देणाऱ्या समितीची एक अट होती. प्रत्येक घराची म्युझियमकडची भिंत काचेची हवी. म्हणजे पर्यटक येता-जाता कलाकारांना काम करताना बघतील.

नकाशा मी सगळ्यात आधी अक्काला दाखवला. अक्का बिदरीच्या काळ्या भांड्यांवरच्या नक्षीत चांदीची तार ठोकून बसवायची. तिचं माहेर दुबलगुंडीचं, तिकडची माणसं मेंढरं राखणारी. तोंड फटकळ, पण कलाकारांमध्ये तिचा शब्द चालायचा.

"काचंच्या आत बसायचं व्हय?" ती म्हणाली. "सून लेकराला कुठं पाजंल? मी आडवी कुठं होऊ? कामून एवढा खर्च करायलाव? न्हाई बाई, असलं घर नको आम्हाला."

अक्का नको म्हणाली की बाकीचेही नको म्हणणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि त्यांनी नको म्हटलं की जागा दुसऱ्या कुणाच्या घशात जाणार, हेही. मी समितीत कडाकडा भांडले. "ही घरं आहेत की दुकानातली कपाटं?" असंही बोलून गेले. समितीच्या मुख्य मॅडम बेंगळुरूच्या. त्यांच्या कपाळावरची आठी काही हलली नाही. शेवटी त्यांनी एवढं मान्य केलं: आधी नमुन्याचं एक घर बांधा, काचेऐवजी पुढं कट्टा करा. मी येऊन बघेन. कट्ट्यावर काम चाललेलं दिसलं तर काच रद्द. नाही दिसलं तर काच येणार.

घर झालं. अक्का, तिची सून आणि आणखी दोघी-तिघी रोज तिथल्या कट्ट्यावर कामाला बसू लागल्या. येणारे-जाणारे थांबायचे, बघायचे, चौकशी करायचे. मी मनातल्या मनात जिंकले होते. मॅडम येणार त्याच्या आदल्या दिवशी मी अक्काला सांगितलं, "उद्या मोठे पाहुणे येणार आहेत. तुम्ही रोजच्यासारखं बसा."

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या गाडीमागून मी पोचले आणि बघते तर काय! कट्टा धुऊन लख्ख. दारात रांगोळी. वर सतरंजी अंथरलेली. हातोडी नाही, तार नाही, एक भांडं नाही. सगळ्याजणी ठेवणीतल्या साड्या नेसून, हात धुऊन उभ्या! पाहुणे यायचे म्हटल्यावर आमच्याकडे काम उघड्यावर ठेवत नाहीत. येणाऱ्याला वाटू नये की आपण कामाच्या आडवे आलो. माझी आईसुद्धा कुणी येताना दिसलं की निवडायचं ताट आत सरकवते. हे मला माहीत नव्हतं थोडंच! तरी मी 'पाहुणे येणार' असं सांगून बसले होते.

"अक्का, काम कुठाय?" मी दातओठ खात कुजबुजले.

"कोनाड्यात हाय. पळून जायलंय का?" म्हणत ती मॅडमचा हात धरून सतरंजीवर घेऊनही गेली.

मग भिजवून फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला आला, चहा आला. अक्का फाडफाड कन्नड बोलत होती. प्रवास कसा झाला, माहेर कुठलं, गुडघे दुखतात का. म्युझियममधून निघालेलं एक कुटुंब थबकलं, तर त्यांनाही तिनं वर बोलावून बशा दिल्या. मॅडमनी चपला काढल्या, मांडी घातली. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "इथं काच असती तर काय केलं असतं तुम्ही?"

मी बशी खाली ठेवली.

"पडदा लावला असता," अक्का म्हणाली. "अजून थोडं घ्या की."

मॅडम हसल्या. अहो, खरंच हसल्या! मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नकाशातून काच काढून टाका. ज्याला बघायचंय तो इथं येऊन बसेल. आणि कट्टा हातभर रुंद करा, मागचे लोक भिंतीला चिकटून बसलेत."

आज सगळी घरं उभी आहेत, सगळ्यांना रुंद कट्टे आहेत. लोक मला शाबासकी देतात, मी घेते. पण ती कुणाची आहे हे मला ठाऊक आहे, आणि त्या बायांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

त्या दिवशी गाडी वळणाआड गेली आणि मला रडूच फुटलं. मी अक्काचे दोन्ही हात धरले. म्हटलं, "अक्का, आज जीवच घेतला असता तुम्ही माझा. आणि आज तुमच्यामुळंच ही घरं वाचली."

तिनं पदरानं माझं तोंड खसाखसा पुसलं. मग सतरंजीचं एक टोक ओढत म्हणाली, "सरक तिकडं. तू काय पाहुणी हाईस व्हय?" आणि हातोडी बाहेर काढून माझ्या शेजारीच ठोकायला बसली.