दोनशे ग्रॅम चकलीसाठी आंबिवली ते ठाणे, व्हाया शीळफाटा

लोक सुट्टी काढून महाबळेश्वरला जातात. मी आणि माझी मोठी नणंद सुषमाताई, आम्ही दोन डबे चकल्या घेऊन ठाण्याच्या इंडस्ट्रियल एरियात गेलेलो. निमित्त झालं कल्याणच्या आमच्या दुकानदाराचं.

आंबिवलीत आम्ही दोघी घरी चकल्या करून विकतो. ताई तळतात, मी भरते. पाकिटावर छापलंय २०० ग्रॅम, पण भरायची रीत ताईंची: मोजून आठ चकल्या टाकायच्या आणि सील मारायचं. त्या दिवशी दुकानदाराने आमच्यासमोरच दोन पाकिटं काट्यावर ठेवली. चकल्यांचं वजन एकात १८४ भरलं, दुसऱ्यात २२१.

"मॅडम, हे फरसाण आहे की लॉटरी?" तो म्हणाला. "वजनमापवाले आले तर आधी मला धरतील. दिवाळीचा माल घेईन, पण वजन नीट असेल तरच."

"काटा बिघडलाय त्याचा," ताईंनी बाहेर येताच निकाल दिला.

दिवाळीचीच तर आमची खरी कमाई. मी ठाण्यातल्या पॅकिंग मशीन विकणाऱ्या म्हात्रेसाहेबांना फोन केला. म्हणाले, "तुमचा माल घेऊन या, मशीनवर चालवून दाखवतो."

ओळखीच्या अनंताची व्हॅन ठरवली. भिवंडीच्या बाजूला ट्रॅफिक, म्हणून तो शीळफाट्यावरून निघाला. तुम्ही या रस्त्याने जाणार असाल तर पत्रीपुलाच्या आसपासच खाऊन घ्या, पुढे गाडी थांबते खूप, पण हवी तिथे नाही. आम्ही गरम वडापाव घेतले. ताईंनी माझा वडा आणि त्यांचा वडा शेजारी धरले.

"बघ, केवढा फरक! याला विचारतं का कुणी?"

"काकी, वडापाववाला पाकिटावर ग्रॅम छापत नाही," अनंता म्हणाला. ताईंनी त्याच्याशी मुंब्र्यापर्यंत बोलणं टाकलं.

म्हात्रेसाहेबांचं मशीन म्हणजे थरथरणारी स्टीलची पन्हळ, तिच्या टोकाशी वजन करणारी बादली. बादलीत दोनशे भरले की पन्हळ थांबते आणि माल पिशवीत. त्यांनी आधी शेव सोडली. २०१, २००, २०१. मी तर टाळ्याच वाजवल्या. मग आमच्या चकल्या आल्या, थरथरत, एकेक करून, लग्नात नाचत येणाऱ्या वरातीसारख्या. आकडा १८७ वर आला. आणखी एक पडली. २१५!

"म्हणजे गिऱ्हाईकाचा फायदा," ताई खूश.

"आणि आपलं दिवाळं," मी म्हटलं.

म्हात्रेसाहेब समजुतीने बोलले. "एखादं पाकीट चार-सहा ग्रॅम कमी भरलं तर कायदा सांभाळून घेतो. पण सगळ्यांची सरासरी दोनशेच्या खाली नको. शेवेचा तुकडा छोटा, म्हणून मशीन नेमकं थांबतं. तुमची एक चकली अठरा ग्रॅमची, एक पस्तीसची. या एकाच घरातल्या आहेत ना?"

ताईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "सोऱ्यात शेवटी थोडं पीठ उरतं. ते काय टाकून द्यायचं? शेवटच्या चकलीला एक वेढा जास्त देते. आई पण तसंच करायची."

मशीनची किंमत ऐकून मी आमचे डबे आवरायला घेतले.

परतताना शीळफाट्याला गाडी अशी अडकली की अनंताने इंजिनच बंद केलं. भूक लागली होती. डेमोचं पाकीट फोडलं, तिघांत आठ चकल्या. दोन-दोन झाल्यावर दोन उरल्या. ताईंनी त्या मोडल्या, आणि तुकडे जुळवून तिघांना सारखे वाटायला लागल्या. मध्येच थांबल्या.

"अगं मेघना, शेवटच्या पिठाची मोठी चकली करायचीच नाही. बोटाएवढी कडबोळी करायची! पाकीट कमी भरलं की टाकायचं एखादं."

मी त्यांना तिथेच मिठी मारली. मागची रिक्षा हॉर्न देत होती, आमचं लक्षच नव्हतं.

मशीन आलं नाही, घरचाच काटा ओट्यावर आला. पहिले दोन दिवस ताई काट्याकडे सवतीसारखं बघत होत्या. पण पाकिटं दोनशे, फार तर दोनशेतीन भरायला लागली, आणि दिवाळीची ऑर्डर मिळाली. ठाण्याहून माझ्यासोबत आली ती एक खोड: कुणाकडेही जेवायला गेले की शेवटची पोळी जाड आहे का, ते मी बघते. असतेच.

दिवाळीच्या आधी दुकानदाराचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"मॅडम, वजन एकदम बरोबर. पण गिऱ्हाईक पाकिटं उलटीपालटी करून कडबोळी मोजतंय. काल एक बाई तीनवालं मिळेपर्यंत अख्खा रॅक काढून बसल्या. कुणाला एक, कुणाला तीन, असं नका करू. सगळ्यांत सारखी टाका!"

ताईंनी झारा बाजूला ठेवला, पदराला हात पुसले आणि फोनजवळ येऊन म्हणाल्या, "भाऊ, तुमचा काटा कडबोळी मोजतो का?"