कोंडवाड्यातली पिकअप

त्या पिकअपची आठवण निघाली की आजही माझं डोकं तापतं.

दुष्काळाचं साल होतं. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. एके सकाळी एक बाई तक्रार घेऊन आल्या. वस्तीवरचं दूध त्या स्वतःच्या पिकअपमधून दूध संस्थेत आणत आणि परतताना त्याच गाडीत पाण्याच्या टाक्या भरून नेत. वस्तीची विहीर आटलेली, सरकारी टँकर तिकडे फिरकत नव्हता. आदल्या दिवशी नगर परिषदेने बाजारातल्या संस्थेच्या दारातून ती गाडी उचलली होती. बाई दंड भरायला तयार होत्या, पण कोणी दंड घेईना, पावती देईना, गाडी कुठे ठेवली तेही सांगेना. बाईंचा गुन्हा एवढाच, की संस्थेच्या निवडणुकीत त्यांनी चेअरमनच्या विरोधात अर्ज भरला होता.

मी नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना फोन केला. रहदारीला अडथळा होता, नियमाने उचलली, तुम्ही यात पडू नका, असं त्यांनी मलाच सुनावलं.

दुपारी मांजरसुंब्याच्या रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्याने खबर दिली. क्रेनचा ड्रायव्हर जेवताना फुशारकी मारत होता, की गाडी मोकाट गुरांच्या कोंडवाड्यात आहे, लवकरच लिलाव होईल आणि घेणारा चेअरमनचा भाचा आहे. गुरं सगळी चारा छावणीत गेल्याने कोंडवाडा रिकामाच होता. जाऊन पाहिलं तर गुरांच्या जागी पिकअप उभी, मागे कोरड्या टाक्या.

कोंडवाड्याच्या कारकुनाला ठाण्यात बोलावलं. त्याला चहा पाजला. खोटं बोलणाऱ्याला दटावलं की तो तोंड मिटतो, त्याला बोलू द्यावं, हे मी नोकरीत शिकलो होतो. अडथळ्याचं कारण दिलं तर दंड घेऊन गाडी द्यावी लागते, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो म्हणाला, गाडी मोकाट सापडली आणि मोकाट सापडलेल्याचा लिलाव करता येतो. गुरांचा नियम या बहाद्दराने गाडीला लावला होता. माझा संताप झाला, पण आवाज न चढवता मी विचारलं, मोकाट म्हणजे गाडीत कुणीच नव्हतं ना?

"म्हातारं होतं की आत. उतरंनाच. मग मी आन् क्रेनवाल्यानं दंडाला धरून खाली घेतलं."

हवालदाराने लिहायला सुरुवात केली तेव्हा आपण काय बोलून बसलो ते कारकुनाला कळलं. मग गाडी उचलायचा निरोप चेअरमनकडून आल्याचंही त्याने कबूल केलं. तो म्हातारा म्हणजे बाईंचे सासरे; बाई दूध घालायला संस्थेत गेल्या तेव्हा ते गाडीत बसून होते. भर बाजारात खाली ओढलं, ही गोष्ट त्यांनी लाजेपोटी सुनेलाही सांगितली नव्हती.

मी गुन्हा नोंदवला. त्याबरोबर मुख्याधिकाऱ्यांच्या तोंडी 'गैरसमज' हा शब्द आला आणि संध्याकाळच्या आत गाडी मिळाली. कारकुनाने कागदावर 'गाडी सोडली' असं लिहिलं. बाई सही करेनात.

"सोडली न्हाई, परत दिली लिवा. गाडी काय मोकाट व्हती?"

त्याला ते खोडून लिहावं लागलं. पुढे तो निलंबित झाला. चेअरमनला मात्र वरून कोणी हात लावू दिला नाही, याची चीड मला अजून आहे.

गाडी उचलली तर कुठल्या कलमाखाली आणि कोणाच्या हुकमाने, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आतल्या सामानाची नोंद मागा, भरलेल्या दंडाची पावती मागा. नोटिशीशिवाय कोणी लिलावाची भाषा केली तर सरळ ठाण्यात या. हे सारं त्या कार्यालयात प्रत्येकाला ठाऊक होतं, हेच या प्रकरणाने मला शिकवलं.

जबाब घ्यायला मी वस्तीवर गेलो. म्हातारबाबांनी सगळं नीट सांगितलं, अंगठा दिला आणि मग विचारलं,

"सायब, गाडी आली परत. समद्या बाजारानं मला बगितलं, ते कसं परत देणार?"