बोलपटाचा आवाज गेला तेव्हा

हिरोइनचे ओठ हलत होते आणि हॉलमध्ये अवाक्षर ऐकू येत नव्हतं. मागून शिट्ट्या सुरू झाल्या.

भोपाळची आमची टाउनशिप, रविवारची संध्याकाळ. मी कारखान्यात इलेक्ट्रिकल फोरमन. फिल्म क्लबचा प्रोजेक्टरही माझ्याच गळ्यात. सिनेमा फ्रेंच, बोलपट नुकते सुरू झाले तेव्हाचा. आफ्रिकेतल्या वसाहतीतला फ्रेंच ऑफिसर तिथल्याच मुलीच्या प्रेमात पडतो आणि दोघांचीही माणसं उलटतात. क्लबचे अध्यक्ष सक्सेना साहेब. आज फजिती झाली तर क्लब बंद, हॉल बॅडमिंटनला, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

प्रोजेक्टर उघडला. एक्सायटर लॅम्प उडालेला. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते. या चिमुकल्या बल्बचा उजेड तिच्यातून जातो आणि त्याचाच पुढे आवाज होतो. दोन स्पेअर होते हो! पण कुणी ढापू नये म्हणून मीच शहाण्याने ते स्टोअरमध्ये जमा केले होते. रविवारी स्टोअरला कुलूप. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

साहेब केबिनमध्ये आले. "कुलकर्णी, नीचे अंग्रेज़ी में लिखा आ रहा है ना? ऐसे ही चला दो."

मी दुपारी ट्रायल घेतली होती. म्हटलं, "सर, आख़िर में वो अपनी ज़बान में गाती है. उसका कुछ लिखा नहीं आता."

"कितना टाइम?"

"पंद्रह मिनट."

माझ्या स्कूटरचा टेललाइटचा बल्ब काढला. ट्रान्सफॉर्मर लावून मेनच्या विजेवर पेटवला तरी स्पीकरमधून नुसती घरघर येते, म्हणून हॉलच्या इमर्जन्सी लाइटची बॅटरी जोडली. बल्ब होल्डरमध्ये बसेना. मग पकडीत धरला आणि आवाज स्वच्छ येईपर्यंत केसभर इकडे, केसभर तिकडे केला. तसाच शेवटपर्यंत धरून बसलो.

ती गायला लागली. ऑफिसरची बोट निघून गेलेली. पेटी नाही, तबला नाही, नुसता गळा. शब्द एकालाही कळला नाही, पण हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. पकड तापून माझी बोटं भाजत होती आणि छाती फुगली होती. का फुगू नये?

साहेब डोळे पुसत आले. "बैडमिंटन बाहर खेल लेंगे."

सोमवारी तीन सह्या घेऊन दोन्ही स्पेअर सोडवले आणि प्रोजेक्टरच्या झाकणालाच आतून चिकटवून टाकले. ढापले तर ढापले.