देवजीचे हात

पाण्याजवळ गेला की देवजी आधी उकिडवा बसायचा आणि दोन्ही हात काखेत घालायचा. उजवा डाव्या काखेत, डावा उजव्या. भर मे महिन्यातही थंडी वाजत असल्यासारखा. मग दहा-पंधरा मिनिटं नुसता बघत राहायचा. समोर पाट असो, विहीर असो, नाहीतर माझ्या घरातली काचेची टाकी असो, पद्धत तीच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं होतं, "काय रे देवजी, ताप आहे का?"

"नाय सायेब. हात खाजतात. पानी बघितलं का मानसाला कायतरी करावंसं वाटतं. म्हनून धरून ठेवतो."

ज्या माणसाने आयुष्यभर आपले हात असे धरून ठेवले, त्याच्या हातांवर मी एकदा खोटा आळ घेतला. तो उतरवण्यासाठी हे लिहितो आहे. पण आधी देवजी कोण ते सांगतो, नाहीतर तुम्हाला फक्त माझी चूक कळेल आणि माणूस कळायचा राहून जाईल.

मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो. कार्यालय वाणगावला, घर डहाणूला. देवजी आमचा पाटकरी, म्हणजे कालव्याची गेटं उघडून शेतांना पाळीपाळीने पाणी सोडणारा. मूळचा तलासरीकडच्या डोंगरातला, घरी भात आणि नागली. उन्हाळी पाळीत शेतकरी त्याच्या अंगावर धावून यायचे. वरचा म्हणायचा गेट अजून उचल, खालचा म्हणायचा माझ्याकडे पोचतच नाही. एकदा वरचा एक बागायतदार ओरडला, "अरे, हात काय काखेत घालून बसलायस? चाक फिरव ना!"

देवजी हलला नाही. "शेठ, आता फिरवलं तं तुमचं एकट्याचं भिजंल. थोडं बसा. बिडी हाय का?"

बागायतदाराने शिव्या देत बिडी दिली, आणि मग दुसरी. दुसरी विझेपर्यंत खालच्या शेवटच्या शेतात पाणी पोचलं होतं. मी मोटारसायकलच्या पिशवीतून वही काढून आकडेमोड करायच्या तयारीत होतो. वही तशीच पिशवीत गेली.

टाकीचं वेड माझं. चार फुटांची, खाऱ्या पाण्याची. मुंबईच्या दुकानातून आणलेले, टाकीतच वाढवलेले मऊ प्रवाळ, दोन नारिंगी-पांढरे मासे, लाल पट्ट्यांची कोळंबी आणि काच साफ ठेवणाऱ्या गोगलगायी. पुस्तकं वाचून मांडलेली ही टाकी दोनदा नासली. देवजी एकदा कसल्याशा कागदावर सही घ्यायला घरी आला आणि तिच्यासमोर बसला.

"सायेब, पानी कमी झालं का भर कसली घालता?"

"समुद्रासारखी. मिठाच्या पाण्याची."

"मंग उडून जातं ते काय? पानी का मीठ?"

पाणी उडतं, मीठ मागे राहतं, आणि मी अभियंता त्यात रोज आणखी मीठ ओतत होतो. दुसऱ्या दिवशी देवजी कालव्याच्या मोजपट्टीचा लाल ऑइलपेंट घेऊन आला. टाकीच्या काचेवर त्याने एक बारीक आडवी रेघ मारली. "रेघेच्या खाली गेलं का गोडं पानी घालायचं. रेघेवर आलं का बंद." त्या रेघेनंतर टाकी जगली.

डोंगरातल्या ह्या माणसाला समुद्राचं काही कौतुक नव्हतं. डहाणूच्या किनाऱ्यावर तो फक्त कामापुरता जायचा. पण भाताचं रोप करणाऱ्याला पाणी कळतं. नवं पाणी भरल्यावर मी लगेच मासे सोडायला निघालो, तर म्हणाला, "अजून पानी कच्चं हाय. सायेब, तुमी मासे पोसायला बघता. पानी पोसा, मासे आपले ऱ्हातात." त्याने मला दीड महिना थांबवलं. रोज येऊन बसायचा, वास घ्यायचा आणि मान हलवायचा. आमचे कारकून वसंतराव चिडवायचे, "साहेब, एवढी कोळंबी पोसताय, रविवारी कालवणाला बोलवा की!" देवजी म्हणायचा, "तुमाला बोलवलं तं गोगलगाय पन उरनार नाय."

माझ्या आईचं त्याच्याशी विशेष होतं. ऑफिसचा शिपाई-पाटकरी घरी आला तर पडवीतल्या माठातलं पाणी द्यायचं, अशी आमच्याकडे जुनी रीत. देवजीसाठी आईने ती कधी मोडली ते मला कळलंही नाही. स्वयंपाकघरात तिचा तांब्याचा हंडा असायचा. रोज सकाळी ती तो चिंचेने घासून लखलखीत करायची आणि भरून ठेवायची. देवजी आला की त्या हंड्याचं झाकण वाजायचं.

टाकी बघायला लोक यायला लागले. मी त्यांना लाल रेघ दाखवायचो आणि "ही माझी पद्धत" म्हणायचो. देवजी तिथेच असायचा.

मग एका उन्हाळ्यात त्याने आठ दिवसांची रजा घेतली. मुलीचं, काशीचं लग्न होतं. जाताना बजावून गेला, "निळ्या पिंपातलं गाळलेलं पानीच घाला." उकाड्याने रोज पाच-सहा लिटर पाणी उडत होतं, पिंपात उरलेलं दोन दिवसांत संपलं. पुन्हा गाळून भरायचा मला कंटाळा आला. आई म्हणाली, "अरे, माझ्या हंड्यातलं घाल. तांब्याच्या पाण्याइतकं शुद्ध काय असतं?" मलाही पटलं. सहा दिवस ती भरून देत होती आणि मी लाल रेघेपर्यंत ओतत होतो.

त्या रविवारी आमचे मोठे साहेब सहकुटुंब टाकी बघायला येणार होते. सकाळी पाहतो तर कोळंबी आडवी पडलेली, गोगलगायी तळाशी, प्रवाळ मिटून गेलेले. दोन मासे तेवढे मजेत फिरत होते. तेवढ्यात देवजी आला. लग्न उरकून, खाऊची पुडी घेऊन, नखं अजून हळदीने पिवळी. टाकीसमोर बसला, हात काखेत. आई कौतुकाने त्याला म्हणाली, "तू नव्हतास ना, मीच रोज हंडा भरून देत होते!" देवजीने गोगलगायींकडे पाहिलं, माशांकडे पाहिलं, हंड्याकडे पाहिलं.

साहेब आले. बरोबर वसंतरावही होते. "काय हो, हे सगळं मेलेलं दिसतंय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हा आमचा पाटकरी, साहेब. लग्नातून आला आणि हळदीचेच हात घातले टाकीत. बघा हात याचे."

सगळे बघायला लागले. देवजीने हात काखेतून काढले, स्वतःच उलटेसुलटे करून पाहिले आणि परत काखेत घातले. "हां सायेब," एवढंच म्हणाला. पुडी आईच्या हातात देऊन निघून गेला. त्यानंतर तो माझ्या घरी आला नाही.

सोमवारी वसंतरावांनी त्याचं नाव 'हळद्या' ठेवलं. "हळद्या, गेटला हात लावू नको, भात पिवळं पडेल." सगळं ऑफिस हसायचं.

महिन्याभराने मुंबईच्या दुकानदाराला मी झालेला प्रकार सांगितला. त्याने एकच विचारलं, "मासे जगले? मग पाण्यात तांबं गेलंय. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ, यांना ते विष." तेव्हा मला बोलता आलं असतं. रविवारी मी घाबरून खोटं बोललो होतो, पण त्या दुकानातून बाहेर पडल्यानंतरचा प्रत्येक दिवस मी समजून उमजून गप्प बसलो. टाकी रिकामी केली, तिच्यात कांदे ठेवले. देवजी 'हळद्या' म्हणूनच निवृत्त झाला. आई शेवटपर्यंत विचारायची, "देवजी का रे येत नाही?" मी म्हणायचो, "वेळ नसतो त्याला." तिला पोचवायला मात्र तो आला होता. लांब उभा होता, हात काखेत.

आता मीही निवृत्त आहे. मुलगी मागे लागली, "बाबा, टाकी परत लावा, या वेळी मोठी लावा." मीही हौसेने बसलो. दिवाणखान्याची मोठी भिंत, सहा फुटी काच, नुसत्या पाण्याचंच वजन जवळजवळ सातशे किलो, त्याला पेलणारा लोखंडी सांगाडा, पंप, दिवे. सगळं कागदावर मांडलं. शेवटी पाण्याची पातळी दाखवायला पट्टी ठेवली, आणि ती रेघ काही मला ओढवेना. दुसऱ्या दिवशी तलासरीची एसटी धरली आणि तिथून पाड्यावर चालत गेलो.

देवजी अंगणात टोपली विणत होता. पुष्कळ वाकला होता. शेजारी काशी बसली होती. तिचं सासर जवळच्याच पाड्यावर. मी म्हटलं, "देवजी, कसे आहात तुम्ही?"

"हे 'तुम्ही' कधीपासून झालो, सायेब?" तो हसला. "तब्येत बरी हाय ना तुमची?"

मग मी दोघांसमोर सगळं सांगितलं. हंडा, सहा दिवस, दुकानदार, माझं गप्प बसणं. देवजीने विणणं थांबवलं नाही.

"मला तवाच कळलेलं. वाडीवाले फवारनीचे पंप पाटात धुतात ना, मोरचुदाचे? तवा गोगलगायी मरतात, मासा फिरत ऱ्हातो. मोरचूद म्हंजे तांबंच. आनि हंडा समोरच होता."

मोरचूद म्हणजे तांबं, हे मी कॉलेजात शिकलो होतो. मी विचारलं, "मग तिथेच का नाही बोललास?"

"म्हातारी बाजूला उभी होती. तिनं घासलेला हंडा, तिनं भरलेलं पानी. तिला कसं सांगू, तुझ्या पान्यानं मेले म्हनून? मला त्याच हंड्यातलं देत होती ती." टोपलीची काडी खोचून त्याने वर पाहिलं. "पन सायेब, आळ घालायचाच होता तं माझ्या बिडीवर घालायचा. पोरीची हळद कशाला मधी आनली?"

काशी मध्येच बोलली. "ते 'हळद्या' नाव पाड्यापर्यंत पोचलं. सासरी बोलायचे मला, हिच्या हळदीनं सायबाची मासळी मेली. अजून कोनाच्या लग्नात हळद लावायला मला पुढं करत नाय." ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. "म्हंजे हळदीनं काय झालंच नव्हतं?"

"काही झालं नव्हतं."

"मंग लिहून द्या. माझी पोरगी वाचते चांगली. पाड्यावर सगळ्यांना वाचून दाखवंल."

काशी, हे ते लिहिलेलं. तुझ्या हळदीने काही मेलं नाही. तुझ्या बापाने टाकीत कधी बोटही बुडवलं नाही. जे मेलं ते माझ्या आळसाने मेलं, आणि त्या टाकीत जे जगलं होतं ते देवजीच्या शहाणपणाने जगलं होतं. लाल रेघ ही माझी पद्धत नव्हे, त्याची. पस्तीस वर्षं मी पाण्याच्या खात्यात होतो. पाणी कळणारा माणूस मला एकच भेटला, याचा मला अभिमान आहे.

नव्या टाकीसाठी मी बोलावलं होतं, म्हणून पुढच्या रविवारी देवजी घरी आला. इतक्या वर्षांनी. रिकाम्या भिंतीसमोर उकिडवा बसायला त्याला जरा वेळ लागला, पण बसला, आणि हात काखेत घातले. टाकी नाही, पाणी नाही, नुसती भिंत, आणि देवजी पंधरा मिनिटं तिच्याकडे बघतोय. मीही शेजारी बसलो. थोड्या वेळाने पाहिलं तर माझेही हात काखेत गेले होते.

"पानी द्या, सायेब. हंड्यातलं."

हंडा अजून आहे. आईसारखा लखलखीत मला घासता येत नाही. त्याने तांब्याभर पाणी पिऊन टाकलं आणि तोंड पुसलं. "मानसाला चांगलं हाय. फक्त टाकीतल्यांना नको." मग मी आणून ठेवलेला लाल रंगाचा डबा घेतला, भिंतीला धरून उठला आणि आपल्या छातीच्या उंचीवर एक आडवी रेघ मारली. रेघ सरळ आली.

"पानी इथवर."

टाकी अजून यायची आहे. भिंतीवर नुसती रेघ आहे. काल रंगारी आला होता, म्हणाला, "काका, हे लाल काय लागलंय? पुसून रंग मारतो." मी म्हटलं, बाकीची भिंत हवी तशी रंगव, त्या रेघेला हात लावायचा नाही. ती देवजीच्या हातची आहे.