पाण्यावर चालणारी जीप

महायुद्धात पाण्यावरही चालणारी एक जीप होती, आता ती फारशी कुठे दिसत नाही. तिचं प्लास्टिकचं मॉडेल मी लग्नाआधी जोडायला घेतलं होतं. पुढे बमरोलीच्या मिलमधल्या पाळ्यांपायी ते अर्धवटच राहिलं. यंदा निवृत्त झाल्यावर खोका उघडला, पण आता बोटं थरथरत होती. पाण्यात जीप पुढे ढकलणारा मागचा इवलासा पंखा सारखा खाली पडायचा.

दिवसभर साड्यांवर खडे चिकटवून दमलेली बायको शेजारी येऊन बसली. "द्या इकडे," म्हणाली आणि आपल्या चिमट्याने तिने तो अलगद बसवला.

जीप पूर्ण झाली. फार आनंद होईल असं वाटलं होतं, पण नुसतं हायसं वाटलं.

"ही ठेवायची कुठे?" तिने विचारलं.

"राहू दे इथेच."

मग आम्ही दोघंही तिथेच फरशीवर आडवे झालो.